पिंपरीचा ठिपका

अण्णा आपल्या बहिणीशी बोलत नव्हते, पण रोज सकाळी तासभर तिचं बोलणं ऐकत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. उभी हयात प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर घालवून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे. विचारलं की म्हणायचे, "बातम्या लावतो जरा." आता बातम्यांमध्ये कुणी शेपू कशी निवडायची ते सांगतं का? पण त्यांना खोटं पाडावंसं मला कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या खोटेपणाची मजाच वाटायची.

आत्या मराठवाड्यात, तालुक्याच्या गावी राहायची. अंगणवाडीतून निवृत्त झालेली. तिच्या जावयाचे तिथे कॉम्प्युटर क्लासेस आहेत. त्यातल्याच एका खोलीत त्याने माइक बसवून इंटरनेट रेडिओ सुरू केला होता, गावाबाहेर पांगलेल्या लोकांना गावाकडचं काहीतरी ऐकायला मिळावं म्हणून. सकाळचा एक तास आत्याचा. कुणाकडे बारसं झालं, तळ्यात पाणी किती उरलं, हुरडा कधी सुरू होणार, पोराचं पोट दुखलं तर काय द्यावं, सगळं एका दमात सांगायची. ती ओट्यावर बसलीय आणि आपण समोर बसून लसूण सोलतोय, असंच वाटायचं ऐकताना.

भांडण झालं होतं ते तिच्या मुलीच्या लग्नात. नवरीच्या मागे मामाने उभं राहायचं, हा आमच्याकडे मामाचा मान. अण्णा एकुलते एक मामा. पण लग्न नेमकं महिनाअखेरीला, कंपनीत माल पाठवायची घाई, सुपरवायझरने रजा काही दिली नाही. अण्णा नाइट शिफ्ट करून तसेच एसटीत बसले आणि वाटेत गाडी बंद पडली. मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, नवरीच्या मागे एक चुलत मामा उभा राहून गेला होता आणि पंगती बसत होत्या. आत्या कामाने आणि काळजीने पिचलेली. चारचौघांत बोलून गेली, "आलास? सोडलं का कंपनीनं?" एवढंच. अण्णांनी भाचीची साडी कुणाच्या तरी हातात दिली आणि घोटभर पाणीही न पिता आल्या पावली परत फिरले. त्यानंतर तिने फोन केला नाही आणि यांनीही केला नाही. दोघं एकाच मातीचे. हट्टाला पेटले की एकमेकांपुढे हार मानणार नाहीत.

आईने मरेपर्यंत समजावलं. मग रेडिओ आला. अण्णांच्या भाचीने, म्हणजे माझ्या आतेबहिणीने, त्याची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती. अण्णांनी ती पाहिल्याचंही कबूल केलं नाही. पण पुढच्या गुरुवारी मला म्हणाले, "तुझा तो जुना कॉम्प्युटर चालू होतो का गं?"

तो कॉम्प्युटर माझ्या डिप्लोमाच्या वेळचा. मेमरी बेताची, पंखा घरघरणारा, चालू व्हायला चहा होईस्तोवर वेळ घेणारा. मोबाईलवर ऐका म्हटलं तर अण्णांना पटेना. प्रेसच्या धडाक्याने त्यांचे कान अर्धे गेलेत, त्यांना मोठे स्पीकर लागतात. हेडफोन म्हणजे त्यांच्या मते पोरांचे चाळे. मग मी त्या डबड्याला रेडिओ लावून दिला, आणि लगेच पुढची तक्रार आली: आवाज तुटतो.

मी चाकणला एका कंपनीत आयटी विभागात आहे. दिवसभर लोकांचे प्रिंटर आणि पासवर्ड बघते. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि गुरुवारी मी सांगवीहून अण्णांकडे जाते. बिघाड दिसला की माझे हात शिवशिवतात. तिथे मी कुणाचं ऐकत नाही, हाही अण्णांचाच वारसा.

आवाज तुटतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी विचारायचं असतं. करकर होऊन तुटत असेल तर दोष बहुधा मशीनचा. आवाज साफ बंद पडून मग परत सुरू होत असेल तर इंटरनेटचा. अण्णांकडे दोन्ही होतं. पहिल्या गुरुवारी मी डबा उघडून आतली धूळ काढली. पंखा एवढा कोंडला होता की प्रोसेसर तापून दमत होता. पुढच्या वेळी अँटीव्हायरसला पकडलं. तो भल्या सकाळी सगळी फाइल न् फाइल तपासायला बसायचा. त्याला दुपारची वेळ दिली. मग साउंडचा ड्रायव्हर बदलला. यूएसबीचा वायफाय कमी वीज खाण्याच्या नादात मध्येच झोपायचा, तो काढून सरळ वायर जोडली. रेडिओच्या प्लेयरला थोडा आवाज आधीच साठवून ठेवायला लावला, म्हणजे लाइन क्षणभर अडखळली तरी साठ्यातला वाजत राहील. अण्णा मागे उभे राहून हात मागे बांधून बघायचे, मशीनवर मेंटेनन्सवाला आला की ऑपरेटर उभा राहतो तसे.

"एका टायमाला एकच बदल," ते म्हणायचे. "सगळं एकदम बदललंस तर कशानं नीट झालं ते कळंल का?"

"अण्णा, मला शिकवू नका."

"शिकवत न्हाई. सांगतोय."

करकर गेली. साफ बंद पडणं मात्र जाईना. पण मी बसले असताना कधी पडायचं, कधी नाही. एका गुरुवारी सगळं ठीक, मी खुशीत घरी. पुढच्या गुरुवारी आत्या ऐन गोष्टीत असताना चिडीचूप. मिनिटभराने परत यायची. मग वाटायचं, मधल्या आठवड्यात कशाने बिघडलं? मी अण्णांना विचारायची, रोज होतं का, किती वाजता होतं. ते म्हणायचे, "मी कुठं रोज लावतो? कधीमधी." रोज ऐकत होते आणि सांगायचं नव्हतं! त्यांच्या त्या आडमुठेपणाने मी दोन दिवाळ्या उलटेपर्यंत अंधारात चाचपडत राहिले. शेवटी चिडून म्हटलं, "तुम्ही आत्याचं ऐकता हे मला माहीत आहे. आता सांगता का नीट, की उचलून भंगारात देऊ?"

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाण्याच्या दिवशी तुटतं."

आमच्या शहरात पाणी येतं दिवसाआड. त्यामुळे एक गुरुवार पाण्याचा, एक कोरडा. पाण्याच्या दिवशी सकाळी सोसायटीची मोटर चालू होते. लोकल केबलवाल्याची इंटरनेटची पेटी जिन्याखाली मोटरच्याच लाइनवर जोडलेली. मोटरचं बटन दाबलं की पेटीचा जीव क्षणभर जायचा आणि ती नव्याने उभी राहीपर्यंत सगळ्या बिल्डिंगचं इंटरनेट बंद. बाकीच्यांना फरक पडत नव्हता. त्या वेळी सगळे बादल्या भरत असायचे.

केबलवाल्याला सांगितलं. "करतो ना ताई, आजच करतो," म्हणाला, आणि महिना गेला. दरम्यान अण्णांचं एक निरीक्षण झालं होतं. "आक्का आता म्हातारी झाली," मला सांगायचे. "आवाज गेला न् परत आला, की तीच गोष्ट परत सांगत असती. एक वाक्य दोन-दोनदा." मी हसून सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांच्या असतात सवयी.

केबलवाल्याची वाट बघून कंटाळले आणि मी सिमकार्डवर चालणारं नवं कनेक्शन आणून बसवलं. छोटी डबी, वायर नाही, मोटरशी संबंध नाही, वीज गेली तरी चालणारी. त्या दिवसापासून आवाज एकदाही तुटला नाही. अण्णा इतके खूश झाले की मला लाज वाटली, हे मी आधी का नाही केलं. "समोर बसल्यागत ऐकू येती गं," म्हणाले. "श्वास घेतलेला पण कळतो."

आणि त्या आवाजाने त्यांच्यात काहीतरी हललं. ती खोकली की हे म्हणायचे, "औषध घेत न्हाई ही." ती हसली की यांच्या मिशीखाली हसू. मला मनातून वाटायला लागलं होतं की आता जमणार. एक फोन, कुणीतरी एकाने करायचा, बस. मी दोघांच्याही मध्ये पडले नाही, कारण पडलेलं दोघांनाही खपलं नसतं.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी सकाळीच चिंचवडला गेले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत, आणि मोबाईल चार्ज करून टेबलावर ठेवलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचं झालं की लावतो म्हणतो एक फोन." मी काही बोलले नाही. बोलले असते तर रद्द केला असता. आत जाऊन चहा ठेवला आणि ओट्याशी उभी राहून आनंदाचं रडू आवरलं.

आधीच्या भाऊबीजांना आत्या रेडिओवर एक ठरलेलं वाक्य बोलायची: "ताट करून ठिवलंय. येणाऱ्यानं यावं." कुणाचं नाव नाही, काही नाही. अण्णा ते ऐकून दिवसभर गप्प असायचे. त्या सकाळीही त्याच वाक्याची वाट बघत असावेत. आत्या फराळाचं बोलली, कुणाची चकली मऊ पडली ते बोलली. आवाज थकलेला वाटत होता. मग म्हणाली, "औंदा ताट न्हाई केलं. औंदा मी चंद्राला ओवाळणार हाय."

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. हे आमच्याकडे पोरीसोरींनाही माहीत असतं.

अण्णांचा चेहरा मी बघितला. प्रेसमध्ये हात सापडल्यावर माणसाचा होत असेल तसा. "ऐकलंस?" म्हणाले. "जित्तेपणी मारलं मला तिनं. भाऊच न्हाई म्हणती." मी म्हटलं, अण्णा, तसं नसेल, फोन तर करा, विचारा तरी. त्यांनी उठून कॉम्प्युटरची पिन उपटली. तो नीट बंद व्हायचीही वाट बघितली नाही. त्यानंतर तो पुन्हा लावला नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "तिनं सांगून टाकलं, मी ऐकून घेतलं. संपलं." एक अक्षर सुटलं नव्हतं त्यांचं, इतका स्वच्छ आवाज होता त्या दिवशी.

उन्हाळ्यात भाचीचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

आम्ही गेलो. तिकडे पोचल्यावर अण्णा पुरुषांमध्ये जाऊन बसले, सांगतील ते केलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. मेल्यावर आला भाऊ, असं कुणी म्हटलं नाही, पण सगळ्यांनी मनात म्हटलं असणार.

दिवस झाल्यावर भाची मला क्लासच्या त्या खोलीत घेऊन गेली. आत्याची खुर्ची, तिची गादी, माइकला तिने बांधलेला रुमाल. भाचीने कॉम्प्युटर चालू केला आणि रेडिओ कुठे कुठे ऐकला जातो त्याचा नकाशा दाखवला. महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर जिथे कुणी ऐकतंय तिथे ठिपका. मुंबईवर पुष्कळ, बाकी तुरळक.

"आईला ह्याचं लै वेड व्हतं," भाची म्हणाली. "बोलताना सारखी इकडंच बघायची. पिंपरीवर एक ठिपका यायचा रोज. पिंपरीत आपलं दुसरं कोण हाय? आई म्हणायची, मामा ऐकायलाय. मला म्हणली, कुणालाच सांगू न्हाई. म्हणली, आपल्याला कळलंय हे त्याला कळलं, तर ऐकायचं बंद करंल. त्याचा सोभाव मला म्हाईत हाय."

मी नकाशावर पिंपरी शोधली.

"मदीच त्यो ठिपका जायचा. एक दिवस सोडून एक दिवस. गेला की आई थांबायची. पाणी प्यायची, कागद चाळायची, तेच वाक्य परत म्हणायची. ठिपका आला की मग पुढं. ह्यांना वाटायचं ऐकणारे वैतागतील. आई म्हणायची, वैतागू द्या."

केबलवाल्याचं कनेक्शन स्थानिक. ते नकाशावर पिंपरी-चिंचवडलाच दिसायचं. मी आणलेलं नवं कनेक्शन मोठ्या कंपनीचं, त्याचा इंटरनेटवरचा पत्ता मुंबईचा लागतो. कुणी कुठूनही ऐको, ठिपका मुंबईवर. ऑफिसात हे मला रोज दिसतं. कुणी विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. नवी डबी लावली त्या सकाळी पिंपरीवरचा ठिपका विझला आणि मुंबईच्या गर्दीत एक वाढला. तिथे कोण मोजतंय?

"दिवाळीच्या आधी गेला तो," भाची म्हणाली. "आई दोन दिवस तेच तेच बोलत बसली, येईल म्हणून. मग म्हणली, मामाला काय तरी झालं. अंथरुणाला खिळला असंल, न्हाईतर..." तिने पुढचं उच्चारलं नाही. "मी म्हणलं, लावते फोन. तर माझ्या हातातून फोन काढून घेतला. मी म्हणलं, आगं, काही झालं असतं तर कुणी कळवलं नसतं का? पटायचं तिला, पण धीर व्हायचा न्हाई. म्हणली, नको लावूस. कुणी काय सांगितलं म्हंजी? न्हाई लावला तोवर तो हाय."

मी भाऊबीजेचं विचारलं. विचारायची भीती वाटत होती तरी.

"चंद्राला ओवाळलं त्याच्यासाठीच," भाची म्हणाली. "गच्चीवर गेली ताट घेऊन. म्हणली, माझं बोलणं पोचंना आता त्याच्यापत्तुर. चंद्र तरी दिसतच असंल त्याला, असंल तितून."

त्यानंतर संक्रांतीपर्यंत तिने कसंबसं रेटलं आणि बोलायचं सोडून दिलं. आता कुणासाठी बोलू, म्हणाली म्हणे.

मला हे अण्णांना सांगायचं नव्हतं. परतीच्या वाटेवर ते खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि एवढंच म्हणाले होते, "तिला कळलंच न्हाई गं कधी, मी ऐकत व्हतो ते." ते त्यांना खात होतं. सांगितलं तर एक दुःख जाणार होतं आणि त्याहून मोठं येणार होतं. न सांगावं तर ती ठिपक्याकडे बघत थांबायची, हे त्यांच्या वाट्याचं होतं. ते मी कसं दडवून ठेवणार? कितीतरी दिवस मी हे घेऊन चाकणला जात-येत राहिले. कामात लक्ष लागेना, घरात चिडचिड. दुरुस्ती अगदी बरोबर केली होती मी, हेच काही केल्या गिळता येत नव्हतं. चूक असती तर निदान माफी मागता आली असती.

मग एका गुरुवारी सांगितलं. बाल्कनीत बसले होते अण्णा. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ठिपका, तिचं थांबणं, नवं कनेक्शन, तिची भीती, गच्चीवरचं ताट.

"म्हंजे तिला म्हाईत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् माझ्यासाठी थांबायची."

"हो, अण्णा."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, लहान मुलासारखा. मग बाकीचं आत उतरलं. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू नीट करून दिलंस गं. तुझं काय चुकलं? फोन तर माझ्या समोर व्हता, चार्ज केलेला."

मग समोरच्या बिल्डिंगकडे बघत म्हणाले, "तिचा नंबर अजून पाठ हाय मला." आणि त्यांनी तो म्हणून दाखवला. सावकाश, एकेक आकडा सुटा, कुठेही न अडखळता.